रेनॉक्स डीसीआर-२५०: बागेत फिरताना खिशात ठेवायचं मॅक्रो भिंग

शहरातल्या बागेत कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या बहुतेकांकडे दोन लेन्स असतात. एक कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ आणि दुसरी नंतर घेतलेली ५५-२५० किंवा ७०-३०० (हे आकडे मिलिमीटरमधल्या फोकल लेंग्थचे; आकडा जितका मोठा तितकी लेन्स वस्तू जवळ ओढते). पक्षी, फुलं, फुलपाखरं इथवर ही दुसरी लेन्स साथ देते. पण पानामागची मुंगी, कुंपणाच्या नळीवरचा कोळी किंवा रुईच्या देठावरचा पिवळा मावा समोर आला की तिचं चालत नाही. तिथे रेनॉक्सचं डीसीआर-२५० हे जपानी भिंग कामाला येतं. ते टेलिझूमच्या, म्हणजे या दुसऱ्या लेन्सच्या तोंडावर चिमट्याने बसतं, शर्टाच्या खिशात मावतं आणि स्वतंत्र मॅक्रो लेन्सच्या (अगदी जवळून मोठं चित्र घेणाऱ्या लेन्सच्या) किमतीच्या लहानशा हिश्शात मिळतं. नीट वापरलं तर चित्र इतकं स्वच्छ येतं की मॅक्रो लेन्सचा खर्च बरेच दिवस पुढे ढकलता येतो. मात्र ते कुठल्या लेन्सवर लावायचं आणि उजेड कसा पाडायचा हे कळलं नाही, तर ते लवकरच कपाटात जाऊन पडतं आणि दोष भिंगाला दिला जातो.

आधी त्याचं गणित. या भिंगाची ताकद ८ डायॉप्टर आहे. म्हणजे मागची लेन्स अनंतावर (खूप दूरवर) फोकस केलेली असेल, तर भिंगापासून १००० भागिले ८, म्हणजे १२५ मिलिमीटरवरची वस्तू स्पष्ट दिसते. झूम फिरवला तरी हे अंतर तेच राहतं, बदलते ती फक्त वस्तूची मोठाई. तिचा हिशेब तोंडी होतो: फोकल लेंग्थ भागिले १२५. झूम १२५ वर असेल तर वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटते, २५० वर दुप्पट. कॅननच्या एपीएस-सी (हौशी कॅमेऱ्यांतल्या नेहमीच्या मापाच्या) सेन्सरची रुंदी २२.३ मिमी आहे, त्यामुळे २५० ला अख्ख्या चौकटीत जेमतेम ११ मिमी रुंदीचा भाग मावतो. तांदळाचा एक दाणा निम्म्याहून जास्त चौकट अडवेल.

बाजारात +१, +२, +४, +१० असे क्लोज-अप फिल्टरचे संच खूप स्वस्त मिळतात. त्यांच्यात एकच काच असते, म्हणून कडांना जांभळी-हिरवी झालर येते आणि कोपरे विरघळल्यासारखे दिसतात. रेनॉक्समध्ये दोन गटांत तीन काचा आहेत, आणि फरक पहिल्याच फोटोत डोळ्यांत भरतो. दुसरा पर्याय एक्स्टेन्शन ट्यूबचा, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणाऱ्या पोकळ नळीचा. ५० मिमीच्या लेन्सवर ३६ मिमीची ट्यूब ०.७२ पट देते, ते चांगलंच आहे. पण तीच ट्यूब २५० वर लावली तर तिची भर फक्त ०.१४ पट. शिवाय ट्यूब उजेड खाते आणि ती लावायला लेन्स कॅमेऱ्यापासून काढावी लागते. बागेतल्या धुळीत, पावसाळी हवेत ते काम जिवावर येतं. रेनॉक्सने उजेडात घट होत नाही आणि लेन्स उघडावी लागत नाही.

आता बसवण्याबद्दल. भिंगासोबत दोन बाजूंनी दाबायच्या चिमट्यांचा अडॅप्टर येतो आणि तो ५२ ते ६७ मिमी फिल्टर-माप असलेल्या लेन्सवर बसतो. कॅननची ५५-२५० (५८ मिमी) आणि निकॉनची ५५-२०० (५२ मिमी) यात सहज येतात. सोनीच्या ५५-२१० चं माप ४९ मिमी आहे, तिच्यावर चिमटा धरत नाही. लेन्सवर यूव्ही फिल्टर (पुढची संरक्षक काच) असेल तर आधी काढा. पातळ फिल्टरांना पुढून आटे नसतात, मग चिमट्याला पकडायला काही राहत नाही आणि भिंग थेट जमिनीवर येतं. हूडही (लेन्सच्या तोंडाभोवतीची ऊन अडवणारी कड) काढा, कारण साडेबारा सेंटिमीटरवरच्या किड्यावर पहिली सावली त्याचीच पडते.

१८-५५ वर हे भिंग लावू नका. ५५ ला जेमतेम ०.४४ पट मिळतात आणि कोपरे काळे पडतात. काळ्या कोपऱ्यांचा त्रास ५५-२५० वरही झूमच्या सुरुवातीला, साधारण ७०-८० पर्यंत राहतो. म्हणजे उपयोगाची हद्द ८० पासून पुढे.

या भिंगाची एक अडचण इथूनच येते आणि ती बहुतेक परीक्षणांत सांगायची राहून जाते. कॅननची ५५-२५० एसटीएम नुसती वापरली तर ८५ सेंटिमीटरवरून ०.२९ पट देते. म्हणजे चौकटीची रुंदी साधारण ७७ मिमी. बिबळ्या कडवा किंवा हळदीकुंकू पंख पसरून बसलं तर बरोबर तेवढंच. फुलपाखरांसाठी रेनॉक्सची गरजच नाही. घाणेरीच्या फुलांवरच्या फुलपाखराच्या साडेबारा सेंटिमीटरवर लेन्स नेली तर ते उडणारच. रेनॉक्स लावून ८० ला मिळतात ०.६४ पट, म्हणजे ३५ मिमीची चौकट. या ७७ आणि ३५ च्या मधलं काही हवं असेल तर दोन्हीकडून हात रिकामे. रुईवरची बिबळ्या कडव्याची पूर्ण वाढलेली अळी साधारण चार सेंटिमीटरची असते. डीसीआर-२५० मध्ये ती तिरकी धरली तरच कशीबशी मावते. अशा विषयांना याच कंपनीचं ४.८ डायॉप्टरचं डीसीआर-१५० बरं. त्याचं अंतर २०८ मिमी, म्हणजे चतुर आणि टाचण्याही (चतुरासारखेच पण सडपातळ कीटक) तितक्या बिचकत नाहीत, आणि २५० ला ते १.२ पट देतं. अळ्या, चतुर, लहान फुलं यांची आवड असेल तर माझं मत सरळ १५० ला. मुंग्या, कोळी, मावा, ढालकिडे (लेडीबर्ड) यांच्यासाठी २५०.

बागेत कुठे शोधायचं? फुलांच्या ताटव्यांपेक्षा कुंपणाच्या लोखंडी नळ्या, बाकांच्या पाठी आणि पाट्यांच्या मागच्या बाजू जास्त देतात. उडी मारणारे कोळी तिथे उन्हाला येतात, पार्श्वभूमी साधी असते आणि कॅमेरा टेकवायला आधार मिळतो. हा कोळी लेन्सकडे वळून बघतो, त्यामुळे समोरचे दोन मोठे डोळे हमखास मिळतात. २०० च्या आसपास झूम ठेवा, म्हणजे १.६ पट. रुईच्या कोवळ्या शेंड्यावर पिवळाधमक मावा दाटलेला असतो. त्याला खायला ढालकिडे आणि त्यांच्या काळसर अळ्या येतात, त्यामुळे एकाच शेंड्यावर तासभर काम पुरतं. पानं शिवून घरटं करणारे तांबडे मुंगळे दिसले तर घरट्याला धक्का लावू नका. ज्या फांदीवरून त्यांची ये-जा चालते तिथे एका जागी फोकस धरून थांबा, ते आपणहून चौकटीत येतात.

पहिल्या पावसानंतर मोकळ्या मातीच्या बागांत आणि टेकड्यांवर मृगाचे किडे निघतात. डीसीआर-२५० साठी याहून चांगला विषय मला माहीत नाही. पण त्याचा लाल रंग इतका भडक असतो की कॅमेऱ्याचं एक्स्पोजर फसतं. लाल चॅनल (चित्रातला लाल रंगाचा भाग) आधीच भरून जातो आणि मखमलीची लव जाऊन नुसता लाल डाग उरतो. एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मं एक्स्पोजर द्या आणि हिस्टोग्राममधली (कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या उजेडाच्या आलेखातली) लाल रेघ वेगळी तपासा. पोटावर झोपून मातीच्या पातळीवरून घेतलं तर आठ पाय मोजता येतात. कोळ्यांचा नातलग आहे तो.

फोकसबद्दल एकच नियम: रिंगला हात लावायचा नाही. भिंग बसवण्याआधी दूरच्या झाडावर ऑटोफोकस करा आणि मग लेन्स एमएफवर (हाताने फोकस) टाका. एसटीएमसारख्या मोटरवर चालणाऱ्या लेन्सची रिंग कॅमेरा झोपला की फिरत नाही, म्हणून हा क्रम महत्त्वाचा. त्यानंतर झूमने मोठाई ठरवा आणि अंगाने पुढे-मागे होत डोळा स्पष्ट दिसला की बटण दाबा. खोली, म्हणजे पुढून मागे स्पष्ट दिसणारा भाग, किती कमी मिळते हे आकड्यांत सांगतो: दुपटीला, एफ ११ ठेवूनही (एफचा आकडा लेन्सच्या छिद्राचा; आकडा मोठा तितकं छिद्र लहान), साधारण मिलिमीटरचा दहावा भाग. एकास एकला अर्ध्या मिलिमीटरच्या आत. श्वास घेतला तरी फोकस निसटतो. एफ १६ किंवा २२ करून खोली वाढवण्याचा मोह आवरा, कारण एपीएस-सीवर एफ ११ च्या पुढे डिफ्रॅक्शनने (लहान छिद्रातून जाताना उजेड पसरल्याने) सगळंच मऊ पडायला लागतं. त्यापेक्षा मोठाई कमी करा. १.६ वरून ०.८ वर आलात तर खोली चौपट होते, आणि नंतर कातरायला पिक्सेल पुरेसे असतात. डाव्या हाताच्या बोटांत फांदी हलकेच धरून लेन्सचं टोक त्याच हातावर टेकवलं, तर किडा आणि कॅमेरा एकत्र हलतात. वाऱ्यावरचा हा सगळ्यात स्वस्त उपाय.

उजेडाकडे मात्र खर्च आणि वेळ दोन्ही द्या. मुंबईत धारावी-माहीमच्या मध्ये, मिठीच्या काठाला महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. जुन्या कचराभूमीवर उभं केलेलं हे ३७ एकरांचं जंगल १९९४ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. तिथल्या दाट सावलीत आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १६०० आणि एफ ११ ला शटर १/३० ते १/६० सेकंदाच्या आसपास अडकतं. दुपटीला हातात धरून त्या शटरवर काहीच टिपता येत नाही, स्थिरीकरणही तिथे अपुरं पडतं. म्हणून फ्लॅश लागतो. कॅमेऱ्यावरचा उघडणारा फ्लॅश नुसता वापरला तर लांब झालेल्या लेन्सची सावली चौकटीत खालून अर्धचंद्रासारखी येते.

हॉट शूवर (कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेत) बसणारा लहान, शक्ती हाताने बदलता येणारा फ्लॅश पुरेसा आहे. खरं काम डिफ्यूझर, म्हणजे उजेड मऊ करणारा पडदा करतो. वस्तूंच्या पॅकिंगमध्ये येणारा पातळ पांढरा फोम ए-४ एवढा कापा. तो फ्लॅशच्या तोंडापासून भिंगाच्या कडेपर्यंत कमानीसारखा वाकवून रबरबँडने बसवा. त्याच्या आत, तीन-चार सेंटिमीटर अंतर सोडून, बटर पेपरचा दुसरा थर द्या. पहिला थर उजेड पसरवतो, दुसरा सारखा करतो. दोन्ही एकमेकांना चिकटवले तर मधोमध पांढरा ठिपका तसाच राहतो आणि ढालकिड्याच्या गुळगुळीत पाठीवर तो लगेच उमटतो. डिफ्यूझरचं पुढचं टोक किड्याच्या जितकं वर आणि जवळ येईल तितका उजेड मऊ. सुरुवातीला कॅमेरा एम मोडवर (सगळं हाताने ठरवायचं), शटर १/२००, एफ ११, आयएसओ २००, फ्लॅश पूर्ण शक्तीच्या १/८. फोटो काळपट आला तर फ्लॅश १/४ करा. याहून जास्त शक्ती लागत असेल तर फोम जाड झालाय. कमी शक्तीवर फ्लॅशचा झोत क्षणार्धात संपतो, म्हणून हलती मुंगीही गोठते.

पार्श्वभूमी काळी येणं ही यातली नेहमीची तक्रार. किड्यामागे दोन-तीन सेंटिमीटरवर हिरवं पान येईल असा कोन घ्या, किंवा आयएसओ ८०० करून फ्लॅश दोन पायऱ्या उतरवा. दिवसाचा थोडा उजेड मागे भरतो.

बऱ्याच बागांत मोठा कॅमेरा दिसला की परवानगी किंवा वेगळं तिकीट मागतात, म्हणून दारावरच विचारून घ्या. ट्रायपॉड तर अनेक ठिकाणी चालत नाही. या भिंगासाठी तो लागतही नाही, आणि ती त्याची मोठी जमेची बाजू. डासांसाठी पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. मलम लावलंत तर बोटं पुसल्याशिवाय काचेला हात लावू नका. किडा नीट बसावा म्हणून फांदी मोडणं, त्याला गार करणं किंवा पाण्याचा फवारा मारणं हे करू नये.

भिंगात खटकणाऱ्या गोष्टी दोन. अडॅप्टर प्लास्टिकचा आहे, झुडपात शिरताना फांदीचा धक्का बसला की चिमटा सुटतो. ज्यांना सतत लावून ठेवायचंय त्यांनी चिमट्याऐवजी स्टेप-डाऊन रिंग घ्यावी. भिंगाचे मागचे आटे ४३ मिमीचे आहेत, म्हणून कॅननच्या ५५-२५० ला ५८-४३, निकॉनच्या ५५-२०० ला ५२-४३, सोनीच्या ५५-२१० ला ४९-४३. रिंग धातूची घ्या. तिने भिंग हलत नाही आणि सरळ बसतं, पण पटकन काढ-घाल होत नाही. फुलपाखरू, पक्षी आणि किडे असं सगळं एकाच फेरीत टिपणाऱ्याने चिमटाच ठेवावा. दुसरी गोष्ट बुरशीची. पावसाळ्यात ओल्या डबीत ठेवलं तर काचांमध्ये जाळं धरतं. सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि जेल ओलं झालं की बदला. वापरलेलं भिंग विकत घेत असाल तर टॉर्च तिरका मारून ही जाळी आणि चिमट्यांच्या दोन्ही स्प्रिंग आधी तपासा.