आयकिदोत काएशी वाझा (काउंटर, म्हणजे समोरच्याचं टेक्निक त्याच्यावरच उलटवणं) तिसऱ्या क्यूलाच सुरू करावं की शोदाननंतर? (क्यू म्हणजे ब्लॅक बेल्टआधीच्या पायऱ्या, आकडा उतरत जातो; शोदान म्हणजे पहिला ब्लॅक बेल्ट.)

दोन्ही पद्धतीच्या डोजोंमध्ये (सरावाच्या जागी) सराव केलाय आणि ज्युनियर लोकांचा क्लास घेताना हे मला स्वतःला ठरवावं लागलं, म्हणून लिहितोय. तुमच्या सेन्सेईंचं मत वेगळं असेल तर अर्थातच त्यांचं ऐका.

लवकर शिकवलं तर उके (अटॅक करून पडणारा) जागा राहतो, नुसता पडायचं म्हणून पडत नाही. शिहोनागेत (हात डोक्यावरून मागे दुमडून पाडायचा थ्रो) हात कपाळापासून लांब गेला की उके कोपर खाली टाकतो आणि तोरीच (टेक्निक करणारा) मागे ओढला जातो, चूक तिथल्या तिथे कळते. तोमिकी आयकिदोत तर रांदोरी (प्रतिकारासह मोकळा सराव) आहे, स्पर्धा आहेत, तिथे काउंटर लवकर हवेतच.

पण आपल्या नेहमीच्या आयकिकाई (आयकिदोची मुख्य संघटना) क्लासमध्ये मला एक गोष्ट फार खटकायला लागली. टेक्निक आधी दाखवलेलं असतं, म्हणजे इक्क्यो (हात-कोपर दाबून खाली आणायचं टेक्निक) येणार हे उकेला माहीतच असतं, आणि एकदा काउंटर हातात आला की त्याची शोमेनउची (डोक्यावर वरून येणारा वार) अर्धवट यायला लागते, वजन मागच्या पायावर, कोपर आधीच खाली दाबलेलं, सगळं लक्ष अडवायचं कुठे यावर. मग तोरी खांद्याने रेटतो. अहो, काय येणार हे माहीत असताना ते कुणीही थांबवेल, त्यात शिकलो काय? ना धड अटॅक राहतो ना धड इक्क्यो, आणि ही सवय मोडायला नंतर जाम वेळ लागतो.

शोदानच्या आसपासच्या लोकांसोबत हे फारसं होत नाही असा माझा अनुभव. ते अटॅक शेवटपर्यंत खरा देतात आणि कोतेगाएशीत (मनगट बाहेर वळवून पाडणं) आपला हात पोटासमोरून बाजूला सरकला तरच आत शिरतात, नसेल सरकला तर गुमान पडतात. शिवाय काउंटरमध्ये तोरीला अचानक उकेमी (सुरक्षित पडणं) घ्यावी लागते, ती चौथ्या-तिसऱ्या क्यूवाल्याला त्या क्षणी सुचेलच असं नाही, मनगट किंवा डोकं आपटायची भीती असतेच.

उशिराचा तोटा आहे, नाही असं नाही. काही शोदान लोकांना पडायचीच इतकी सवय झालेली असते की समोरची फट त्यांना जाणवतच नाही.

तरी मी थांबेन. मधल्या काळात दुसऱ्या क्यूवाल्याचा शिहोनागे अडला तर फट कुठे राहिली ते दाखवायचं, हवं तर तिथेच थांबून त्याला स्वतःचा तोल गेलेला जाणवू द्यायचा, पण उकेने उलटा थ्रो करायचा नाही, आणि परत किहोनवर (मूलभूत सरावावर).