मोटरहोममधल्या गांधीलमाश्या : २३०० ची फवारणी, १२०० चे काका आणि ३८० ची जाळी

आधीच सांगते, हा रिव्ह्यू कुठल्या एका वस्तूचा नाही, दोन पेस्ट कंट्रोलवाले आणि एक जाळी असा मिळून आहे. दोघांचीही नावं टाकत नाहीये. पहिल्याचं टाकायची इच्छा नाही आणि दुसरे काका स्वतःच म्हणाले "ताई नाव टाकू नका, एकटा माणूस आहे, फोन आवरत नाहीत". ते खरंच आहे म्हणा, फोन ते उचलतच नाहीत, त्यावर पुढे येतेच.

तर आमच्या ह्यांनी दोन वर्षांपूर्वी ट्रॅव्हलर मिनीबसवर बनवलेली सेकंडहँड मोटरहोम (आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) घेतली. सरकारने २०२१ ला कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं तेव्हापासून डोक्यात किडा होता. पुण्यात कोथरूडच्या आमच्या सोसायटीत ती उभी करायची परवानगी मिळणार नव्हतीच (एका टू-व्हीलरवरून इथे तीन मीटिंगा होतात), म्हणून भूगावला धाकट्या दिरांच्या प्लॉटवर आंब्याखाली लावली. जूनमध्ये लावली ती थेट दसऱ्यानंतर उघडली. मधे कोणी फिरकलंच नाही. आता विचार करा, सावली, पाऊस लागत नाही, माणूस येत नाही, जागोजागी छोटी भोकं. माशीला अजून काय पाहिजे, टू बीएचकेच की.

दिवाळीत गुहागरला जायचं ठरलं म्हणून गाडी धुवायला गेलो आणि भाऊजींनी ऑनिंग (गाडीच्या बाजूला गुंडाळलेलं सावलीचं कापड) ओढलं. गुंडाळीच्या टोकाशी वाटीएवढं करड्या कागदासारखं पोळं, त्यावर पंधरावीस गांधीलमाश्या. दोन चावल्या, एक मनगटावर एक कानामागे. सासूबाईंनी लगेच चुना, मग लोखंडी किल्ली घासणं वगैरे सगळं केलं, सूज व्हायची तेवढी झालीच. बर्फ आणि डॉक्टरांनी दिलेली अॅलर्जीची गोळी यानेच उतरली. मधमाशी एकदाच डंख मारते, काटा आपल्या अंगात सोडून मरते, गांधील मात्र परत परत मारू शकते, त्यामुळे "चावली ना आता, गेली" असं समजून तिथेच उभं राहू नका. आणि श्वास लागला, ओठ-जीभ सुजली किंवा अंगभर गांधी उठल्या तर चुना शोधत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

मग ह्यांनी अॅपवरून एक पेस्ट कंट्रोल बुक केलं. २३०० रुपये अधिक जीएसटी. रविवारी भर दुपारी एक वाजता मुलगा आला, पाठीवर पंप. ऑनिंगवर मारलं, दार उघडून आत मारलं, गाद्यांवर मारलं, ओट्यावर मारलं, पंधरा मिनिटांत मोकळा. सिलिंडर कुठे आहे, गॅस बंद आहे का, एका शब्दाने विचारलं नाही. औषध कुठलं विचारलं तर "इम्पोर्टेड आहे मॅडम, हर्बल". हर्बल औषधाच्या वासाने आम्ही तीन दिवस गाडीत बसू शकलो नाही, गाद्यांची कव्हरं दोनदा धुतली. आणि गंमत म्हणजे दुपारी निम्म्या माश्या बाहेर चरायला गेलेल्या असतात, त्या संध्याकाळी घरी आल्या. पोळं तसंच लटकत होतं कारण "काढणं आमच्या पॅकेजमध्ये नाही". वॉरंटी नव्वद दिवसांची होती, फोन केल्यावर कळलं ती झुरळांसाठी. बरं.

काकांचा नंबर दिरांच्या दूधवाल्याने दिला. सोळा वेळा फोन केला असेल, सतराव्याला उचलला, गुरुवारी येतो म्हणाले आणि शनिवारी आले, पण आले ते सकाळी सव्वासहाला. पहाटे गारवा असतो, सगळ्या माश्या पोळ्यावर असतात आणि अंगात तरतरी नसते, हे त्यांनी गाडीवरून उतरायच्या आधी सांगितलं. ह्यांनी आल्या आल्या लायसन्स विचारलं (आमच्याकडे अशी सवय आहे, कीटकनाशकांचा १९६८ चा कायदा आहे, फवारणीवाल्याला लायसन्स लागतं वगैरे हे कालपासून पाठ करत होते), तर काकांनी खिशातून लॅमिनेट केलेली कॉपीच काढली. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

"ताई, आधी मारायचं नसतं, आधी बघायचं असतं," म्हणाले आणि अर्धा तास नुसते बॅटरी घेऊन गाडीभोवती फिरले, खाली झोपून सुद्धा. मला वाटलेलं एक पोळं आहे. निघाली सहा! ऑनिंगमधलं, गॅसच्या कप्प्याच्या दाराला आतून एक छोटं, ही दोन गांधीलांची. बाकी चार मातीची घरं, म्हणजे कुंभारीण. फ्रीजच्या मागे बाहेरून जी जाळी असते तिच्या आत दोन, सायलेन्सरच्या तोंडात एक आणि चौथं चक्क मागच्या दाराच्या कुलपाच्या भोकात. आम्ही दोन दिवस किल्ली जात नाही म्हणून कुलूपवाल्याला शोधत होतो!!

हा फरक मला माहीतच नव्हता आणि खरं तर सगळी मेख इथेच आहे. गांधील लाकडाचा भुसा चघळून कागदासारखं पोळं करते, गटाने राहते, पोळ्याला हात लागला की अंगावर येते. कुंभारीण एकटी असते, चिखलाच्या कोठ्या बांधते आणि माणसाच्या वाटेला शक्यतो जात नाही. तिच्यासाठी औषध मारायची गरजच नाही, खरवडून काढलं की झालं. काकांनी एक कोठी फोडून लेकीला दाखवली, आत सातआठ छोटे कोळी, मेलेले नाहीत, डंख मारून लुळे केलेले, म्हणजे अळीला शेवटपर्यंत ताजं जेवण. लेक त्या दिवशी नाश्ता न करता त्या कोठ्या घेऊन बसली होती.

गांधीलांचं काम त्यांनी असं केलं. आधी सिलिंडर काढून लांब नेऊन ठेवला. स्प्रेच्या डब्यात जो गॅस असतो तो पेट घेतो आणि गाडीत शेगडी, फ्रीज, बॅटरी सगळं जवळजवळ, त्यामुळे हे आधी. मग डोक्याला मधवाल्यांची जाळीची टोपी, हातमोजे, आणि गॅसच्या कप्प्यातलं छोटं पोळं सरळ जाड प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन पट्टीने देठापासून कापलं, पिशवीला गाठ. औषध शून्य. ऑनिंगमधल्याला साबणाचं पाणी मारलं, भांडी घासायचा लिक्विड आणि पाणी, त्याने माश्या उडूच शकत नाहीत, पटापट पडल्या. नंतर टोकाच्या फटीत थोडं औषध लावलं तेवढंच, आणि त्या डब्याचं लेबल स्वतःहून दाखवलं. देठाची जागा खरवडून साबणाने पुसली, कारण अशी आडोशाची जागा दुसरी माशी परत धरते म्हणाले. आंब्यावर वीस फुटांवर अजून एक मोठं पोळं होतं, मी म्हटलं त्याचंही करून टाका, वेगळे पैसे देते. सरळ नाही म्हणाले. "ते तुमच्या भाऊजींच्या कोबीवरच्या अळ्या खातंय, त्याला कशाला हात लावता." पैसे मिळत असताना नको म्हणणारा माणूस, मी नोंद घेतली.

तीन तास काम, १२०० रुपये, बिल मात्र नाही, मागितलं तर वहीचं पान फाडून दिलं. आणि बोलतात फार, म्हणजे फार, चहा दोनदा गार झाला.

जाताना सांगितलं की जाळ्या बसवल्या नाहीत तर पुढच्या पावसाळ्यात मी परत येणार आणि तुम्ही परत १२०० देणार. केवढ्या भोकाची जाळी, तर मोहरी आरपार गेली पाहिजे आणि ज्वारी अडकली पाहिजे. मी डब्यातून दोन्ही कागदात बांधून बोहरी आळीत गेले. गाडी लावायला जागा मिळेना म्हणून शेवटी मंडईपासून चालत. तिसऱ्या दुकानात स्टेनलेस स्टीलची मिळाली, दीड फुटाचा तुकडा ३८० रुपये. जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) दीडशेत देत होता पण कोकणातल्या खाऱ्या हवेत ती एका सीझनमध्ये गंजली असती. दुकानदाराने माझी मोहरी-ज्वारी बघितली, हसला नाही, मुकाट्याने जाळीवर टाकून दाखवली. पाच स्टार त्याला. जाळी कापायला मात्र साधी कात्री चालत नाही, पत्र्याची कात्री घ्या आणि हातमोजे घाला, माझी दोन बोटं फाटली.

यात एक गोष्ट फार महत्त्वाची. आमचे हे उत्साहात सगळीच भोकं एम-सीलने बुजवायला निघाले होते. गॅसच्या कप्प्याच्या तळाला जी भोकं असतात ती मुद्दाम ठेवलेली असतात, एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, तो तिथूनच बाहेर जातो. ती बुजवायची नाहीत. जाळी लावायची आणि ती धुळीने किंवा मातीने भरली नाही ना हे महिन्यातून एकदा वाकून बघायचं. फ्रीजच्या मागचंही तसंच, गरम हवा निघाली नाही तर फ्रीज बसला. फार बारीक, मच्छरवाली जाळी लावू नका, ती धुळीनेच बंद होते.

सायलेन्सरला आता गाडी उभी असताना फडक्याचा बोळा असतो आणि त्याला लांब लाल रिबीन, म्हणजे काढायला विसरायला नको. ही आयडिया ह्यांची, विमानाच्या नळ्यांना अशी लाल रिबीनवाली टोपी घालतात म्हणे. रात्री मोबाईलवर वाचत बसले होते, १९९६ च्या फेब्रुवारीत डॉमिनिकन रिपब्लिकमधून उडालेलं एक बोईंग ७५७ समुद्रात पडलं, १८९ माणसं गेली, वेग मोजायची नळी तुंबली होती आणि संशय कुंभारणीच्या घरावर. विमान बरेच दिवस नुसतं उभं होतं. हे ऐकल्यावर मी बोळ्याबद्दल चेष्टा करणं थांबवलं.

काकांना मी पाचपैकी चार देणार होते, फोन न उचलण्याचा आणि दोन दिवस उशिराचा एक कापून. मग आम्ही निघालो, सातारा, पाटण, आणि घाटमाथ्यावर चहाला थांबलो तर आतलं बेसिन तुंबलेलं, पाणी खाली जाईचना. ह्यांनी गाडीखाली झोपून सांडपाण्याच्या नळीत तार घातली तर भसकन मातीचा गोळा बाहेर, मागोमाग कोळी. सातवं घर! आणि घाट कुठला, तर कुंभार्ली. लेक हसून हसून रस्त्यावर बसली. मी तिथूनच काकांना फोन लावला आणि नेमका त्या दिवशी त्यांनी पहिल्या रिंगला उचलला.

"बेसिनची नळी? अहो ताई, त्या दिवशी तुम्हाला सांगितलं होतं, नळीत एकदा पाणी सोडून बघा म्हणून. तुम्ही चहा करत होता."

ह्यांना विचारलं. म्हणाले, हो, सांगितलं होतं.