'टेन': १९९१चे मिक्सिंग घ्यावे की २००९चे?

पर्ल जॅम या अमेरिकी रॉक बँडच्या 'टेन' या पहिल्या अल्बमच्या आज दोन आवृत्त्या मिळतात. गाणी तीच आहेत आणि गायन-वादनही जवळजवळ तेच आहे, त्यामुळे निवड करायची ती फक्त मिक्सिंगची, म्हणजे वेगवेगळे ध्वनिमुद्रित केलेले आवाज आणि वाद्ये एकत्र जुळवण्याची. सिएटलच्या लंडन ब्रिज स्टुडिओत १९९१च्या वसंतात ध्वनिमुद्रित झालेल्या या गाण्यांचे पहिले मिक्सिंग टिम पामरने इंग्लंडमधल्या रिज फार्म स्टुडिओत केले. २००९ साली ब्रेंडन ओब्रायनने मूळ टेपवरून ते नव्याने केले.

पामरच्या मिक्सिंगवर रिव्हर्बचा, म्हणजे मोठ्या खोलीत आवाज रेंगाळावा तसा, घुमारा भरपूर आहे, आणि तो सर्वत्र जाचतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. 'ओशन्स'मध्ये तर तो हवाच. हाताशी तालवाद्ये नसल्याने पामरने या गाण्यात मिरपुडीची डबी आणि अग्निशामक नळकांडे वाजवले होते. त्या किणकिणाटामागे घुमारा पसरला की गाण्याला समुद्राचा विस्तार येतो. नव्या मिक्सिंगमध्ये हेच गाणे मला थोडे आखडलेले वाटते. 'रिलीज'बद्दलही कदाचित असेच म्हणता येईल.

माझ्यापुरता निर्णय मात्र बँडमधल्या जेफ अमेंटच्या बास गिटारने केला. या अल्बममध्ये तो बऱ्याच ठिकाणी फ्रेट (दांड्यावरच्या आडव्या पट्ट्या) नसलेला बास वाजवतो, ज्याचे स्वर एकमेकांत घसरत जातात आणि ज्याची सारी गंमत त्या घसरण्यातच असते. 'जेरेमी'च्या आरंभी त्याचा बारा तारांचा बास एकटाच असतो, तोवर दोन्ही आवृत्त्यांत तो स्वच्छ ऐकू येतो. पण गिटारी आणि ड्रम सुरू झाले की १९९१च्या आवृत्तीत स्नेअर ड्रमच्या प्रत्येक ठोक्याच्या घुमाऱ्याची शेपटी त्याच्यावर पसरते आणि बास कुठे वळला हे कळेनासे होते. तो ऐकण्यासाठी आवाज वाढवावा, तर गायक एडी व्हेडरचा वरचा स्वर आणि झांजा कानाला टोचू लागतात. कमी करावा, तर बास पुन्हा बुडतो. हेडफोनवर हा त्रास मला अधिकच जाणवला, आणि एकदा लक्षात आल्यानंतर अल्बम निर्वेधपणे ऐकणे अवघड झाले. ओब्रायनच्या मिक्सिंगमध्ये तोच बास कडव्यापासून शेवटच्या कल्लोळापर्यंत मला सलग ऐकता येतो.

खुद्द अमेंटनेही हा अल्बम पुन्हा मिक्स करावा अशी इच्छा पूर्वी जाहीरपणे व्यक्त केली होती. ओब्रायन मात्र सुरुवातीला कचरत होता, कारण लाखो लोकांनी जे विकत घेऊन जिवापाड जपले त्याला हात लावावा की नाही, हा प्रश्न त्याच्यापुढे होता, आणि तो रास्तच होता. त्याने व्हेडरचा आवाज पुढे, कोरडा आणि अगदी जवळ आणला आहे. 'ब्लॅक'मध्ये श्वास घेतल्याचेही जाणवते. ज्यांना हा आवाज दुरून, मोठ्या सभागृहातून आल्यासारखा ऐकायची सवय आहे त्यांना ही जवळीक कदाचित रुचणार नाही. 'अलाइव्ह'च्या शेवटची गिटारवादक माइक मॅकक्रेडीची गिटारही जुन्या आवृत्तीत अधिक भव्य भासते, असे कोणी म्हटले तर मी फारसा वाद घालणार नाही.

तरीही ज्याने हा अल्बम अजून ऐकलेला नाही आणि ज्याला एकच आवृत्ती घ्यायची आहे, त्याने २००९ची घ्यावी असे मला वाटते. ज्यांच्या तारुण्याशी पहिला घुमारा बांधला गेला आहे, त्यांनी तो सोडण्याचे कारण नाही. खर्चाची फार अडचण नसेल तर २००९चा दोन सीडींचा संच पाहावा: पहिल्या सीडीवर पामरचेच मिक्सिंग रीमास्टर केलेले (मिक्सिंग तेच ठेवून अंतिम ध्वनी नव्याने सुधारलेले) आहे, तर दुसरीवर ओब्रायनचे मिक्सिंग आणि सहा जादा गाणी आहेत. तुलना करायची तर 'जेरेमी' दोन्ही सीडींवरून लागोपाठ, आवाजाची पातळी न बदलता ऐकावे, आणि लक्ष फक्त बासवर ठेवावे.