जुन्या बाजारातलं संगिनीचं म्यान: तोकडं, पण अस्सल

रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात एका पथारीवर संगिनीचं म्यान मिळालं. नुसतं म्यान, आत पातं नाही. "पहिल्या महायुद्धातलं आहे साहेब, विलायती," असं म्हणत विक्रेत्याने २,८०० रुपये सांगितले, १,९०० ला दिलं. माझं काम चामड्याच्या पिशव्या-पट्ट्यांचं. त्यामुळे मी आधी टाके बघतो, गोष्ट मागाहून ऐकतो.

ब्रिटिश फौजेच्या ली-एनफील्ड रायफलच्या १९०७ च्या संगिनीचं पातं १७ इंची. मूळ कल्पना जपानी अरिसाका संगिनीची. म्यान त्याच मापाचं हवं. मी खिशातली अरुंद स्टीलची फूटपट्टी आत सोडली, ती १२ इंचांच्या थोडी पुढे जाऊन टेकली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्याकडे या लांब संगिनी कापून १२ इंची केल्या गेल्या. बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्यातलं ते काम. मापाला म्यानंही तोकडी केली. हे विक्रेत्याला सांगितलं तर त्याला वाटलं, मी भाव पाडतोय. (पाडतच होतो.)

बांधणी साधी आहे. चामड्याची दुमडलेली नळी, शिवण मागच्या बाजूला. तोंडाशी मोहनाळ, टोकाला तहनाळ, म्हणजे चामड्यावर बसवलेल्या पोलादी टोप्या. तलवारवाल्यांचेच शब्द इथेही चालतात. मोहनाळेवर पट्ट्यात अडकवायची घुंडी, आत पातं धरून ठेवणाऱ्या पातळ स्प्रिंगा. माझ्या म्यानातली एक मेली आहे, दाबली की दबलेलीच राहते.

खरी मजा खालच्या तीन बोटांत. वरची शिवण एकसारखी, बारीक, दोरा मेणाने काळा पडलेला. तहनाळेजवळ मात्र टाके लांब होतात, दोरा जाड होतो आणि दोन जुनी भोकं रिकामी राहिली आहेत. म्यान टोकाकडे निमुळतं असतं. मधूनच कापलं की कापलेली कड तहनाळेत मावत नाही. म्हणून कोणीतरी रापीने, म्हणजे चामडं कापायच्या सुरीने, चामडं आतून छिलून पातळ केलंय आणि कड परत शिवलीय. टॉर्च धरून बघितलं तर रापीचे फटकारे दिसतात, एक जरा खोल गेलाय. मीही घाईत असलो की असाच चुकतो. नकली मालात अशी उठाठेव कोण करणार? तिथे बहुधा वरपासून खालपर्यंत मशीनची शिवण असते.

तक्रार एकच. विकण्याआधी त्याने वर काळं बूटपॉलिश थापलं होतं. सुक्या फडक्याने दोन संध्याकाळी पुसलं तेव्हा खालचा तपकिरी रंग दिसला. मोहनाळेवरचा गंज मी तसाच ठेवलाय, फक्त तेलाचं बोट फिरवलं.

सोबत अडकवायचा चामडी पट्टा तो ४०० ला देत होता, "त्याच्याबरोबरचाच" म्हणून. हुंगून बघितला. नव्या डिंकाचा वास आला. परत ठेवला.