स्टोमा पिशवी आणि मोटारसायकल: जॅकेट-पॅन्ट सात-आठ महिने वापरल्यानंतर

मला कायमची कोलोस्टॉमी आहे. गुदाशयाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये शौचाचा मार्ग पोटावर, बेंबीच्या डावीकडे जरा खाली काढलाय, त्या तोंडाला स्टोमा म्हणतात, आणि त्यावर पिशवी. नोकरी बियाण्यांच्या कंपनीत. बीड, केज, धारूर, अंबाजोगाई या पट्ट्यातली कृषी सेवा केंद्रं १२५ सीसीच्या गाडीवर फिरायची. सर्जननी गाडीला परवानगी दिल्यावर (हे आधी विचाराच. वरचे टाके सुकले तरी आतले स्नायू कच्चे असतात, स्टोमाशेजारी हर्निया होऊ शकतो) फेब्रुवारीत गाडीवर घालायचं जॅकेट आणि पॅन्ट घेतली. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही काढून झाले, म्हणून आता लिहितोय.

लोक विचारतात जॅकेट कोणतं घेतलं. खरं डोकं लावावं लागतं ते पॅन्टला.

उभं असताना कुठलीही पॅन्ट चालते. गाडीवर बसलं की कंबरपट्टी पोटात रुतते आणि पिशवी मधोमध आवळली जाते. मग मळ खाली सरकत नाही, तोंडापाशीच साचतो आणि फ्लँजच्या (पिशवी जिच्यावर बसते ती कातडीला चिकटणारी चकती) कडेनं वाट काढतो. त्यात स्पीडब्रेकरचे धक्के. म्हणून ट्रायल रूमच्या आरशावर विसंबू नका. गाडीवर बसा, हँडल धरा, दहा मिनिटं तसंच थांबा. आणि पिशवी थोडी भरलेली असताना बघा, रिकाम्या पिशवीवर सगळंच छान बसतं.

तयार रायडिंग पॅन्टला पुढून आसन (दोन पायांच्या जोडापासून कंबरपट्टीपर्यंतची उंची) कमी आणि मागून जास्त असतं. माझी पट्टी बरोबर स्टोमावर यायची. शेवटी एक नंबर मोठी टेक्स्टाइल पॅन्ट घेतली आणि ती घेऊन गल्लीतल्या टेलरमामांकडे गेलो. पुढचं आसन चार बोटं वाढवून पट्टी बेंबीच्या वर न्यायची, बेल्टचे लूप काढायचे, गॅलिसला (पॅन्ट धरून ठेवणारे खांद्यावरचे पट्टे) बटणं लावायची, असं सांगितलं. मामा म्हणाले, "भाऊ, म्हाताऱ्या माणसावानी दिसंल की." म्हटलं, दिसू द्या, वरून जॅकेट येतंय. पट्टीत पुढे इलॅस्टिक नको म्हणून सांगितलं होतं, ते फक्त मागे आहे. वजन आता खांद्यावर येतं, पोट मोकळं राहतं. मामांनी आतून जुन्या धोतराच्या कापडाचा खिसाही शिवून दिला. पिशवी त्यात बसते, त्यामुळे प्लास्टिक मांडीला चिकटत नाही आणि भरलेल्या पिशवीचा ताण फ्लँजवर येत नाही. सगळ्या खरेदीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची गोष्ट हीच.

गॅलिसचा एक वैताग आहे. ढाब्यावरच्या संडासात मागचे पट्टे सुटले की थेट ओल्या फरशीवर. मी मागची बटणं कधीच सोडत नाही. पुढची दोन काढायची, पट्टे खांद्यावरून मागे टाकून मानेशी गाठ मारायची, जॅकेटची कड दातात धरायची, मग पिशवी रिकामी करायची. पुढची चेन लांब करून घेतल्यामुळे पॅन्ट पूर्ण उतरवावी लागत नाही. एक तृतीयांश ते अर्धी भरली की थांबतो, 'पुढच्या गावात बघू' करत नाही.

गुडघ्याची पॅडं ठेवलीत, लेव्हल २ ची, म्हणजे धक्का जास्त शोषणारी. कमरेच्या बाजूचं डावं पॅड पिशवीच्या कडेला घासायचं, त्याचा खिसा मामांनी थोडा मागे सरकवला. पॅड काढून टाकणं सोपं होतं, पण पडल्यावर हाड तेच आपटतं.

जॅकेट जाळीचं घेतलं, फिक्या राखाडी रंगाचं, मांडीपर्यंत लांब. आखूड जॅकेटची घट्ट कड स्टोमावरच येते, ते नकोच. कमरेचे दोन्ही पट्टे पूर्ण सैल. जॅकेट आणि पॅन्ट जोडणारी चेन फक्त पाठीकडे आहे, त्यामुळे जॅकेट वर चढत नाही आणि पुढे दाबही येत नाही. ज्याची चेन पूर्ण कमरेभोवती फिरते ते जॅकेट आपल्या उपयोगाचं नाही.

मे महिन्यात चाळीसच्या वर पारा असताना जाळीतून येतो तोही फुफाटाच. पण घाम वाळतो, आणि आपल्याला तेच पाहिजे. घामानं फ्लँजचा डिंक सुटतो. उन्हाळ्यात माझी फ्लँज नेहमीपेक्षा लवकर बदलावी लागली, जॅकेट चांगलं असूनही. दुपारी बारा ते चार गाडी काढत नाही. ज्यांची आयलिओस्टॉमी आहे, म्हणजे लहान आतडं पोटावर काढलंय, त्यांच्या अंगातलं पाणी आणि मीठ आमच्यापेक्षा लवकर जातं, त्यांनी उन्हात फिरण्याआधी डॉक्टरांना विचारावंच. जादा पिशव्या डिकीत ठेवू नका, उन्हानं तापून डिंक खराब होतो. मी भोक आधीच कापलेल्या दोन फ्लँज, पिशव्या, ओला कपडा आणि काळी कॅरीबॅग पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवतो. सॅकचा छातीचा पट्टा लावतो, कमरेचा कापूनच टाकलाय.

मागे बसणाऱ्याचं कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. भाचा मागे बसला की सवयीनं पोटाला मिठी मारतो. मांजरसुंब्याच्या घाटात एकदा ब्रेक लागला आणि त्याचा हात नेमका पिशवीवर. आता घरातल्या सगळ्यांना खांदा नाहीतर मागचा कॅरिअर धरायचा नियम आहे. कडक प्लास्टिकचा स्टोमा गार्डही वापरून पाहिला. चालताना बरा, पण वाकून बसलं की त्याचीच कड टोचते. माझ्या गाडीवर सरळ बसता येतं म्हणून निभावतं, स्पोर्ट्स बाइकवाल्यांनी आपापलं तपासावं.

पावसाचं मात्र जमलं नाही. जॅकेटच्या आतलं वॉटरप्रूफ अस्तर घातलं की आत वाफ धरते, म्हणून वरून ढगळ रेनकोट. रेनपॅन्टचं इलॅस्टिक थेट स्टोमावर आवळतं. नाडी घालून सैल केली तर चालता चालता घसरते. छातीपर्यंत येणारी, खांद्याला पट्टे असलेली रेनपॅन्ट बीड, लातूर किंवा संभाजीनगरात कुणी शिवून देत असेल तर सांगा, माप घेऊन स्वतः येतो.