‘थंडीत फळणारं’ मँगोस्टीन आणि माझे २,८४७ रुपये

मँगोस्टीन, रामबुतान, लाँगन: तिन्ही उष्ण, दमट हवेतली फळझाडं. ऑनलाइन मागवल्या प्रत्येकी दहा बिया, ‘थंड हवेसाठी खास हायब्रिड, दोन वर्षांत फळ’. मोजले २,४९९. उगवलं नाही म्हटल्यावर ‘बदलून देतो, फक्त कुरियरचे द्या’ म्हणत आणखी ३४८ उकळले. पैसे पोचले त्याच संध्याकाळी माझा नंबर ब्लॉक. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

हसू नका. थंड हवेत राहणाऱ्याला ही फळं ताजी मिळत नाहीत, बी मागवण्यावाचून इलाज नसतो. माझी तयारी चोख होती: झाकणाची पेटी, खाली गरम राहणारी मॅट, माती २८ अंशांवर. विक्रेत्याच्या पानावर कौतुकाचे ढीगभर शेरे, रोपांचे फोटो. कोण संशय घेईल?

घ्यायला हवा होता, आणि नेमका कधी तेही सांगतो. आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. पाकीट हातात आलं ते खुळखुळ्यासारखं वाजलं! मँगोस्टीन काय, रामबुतान काय, बी वाळली की मेली. फळातून काढली की ओलसर गुंडाळून काही दिवसांतच मातीत जायला हवी. फ्रिजमध्येही टिकत नाही, गारठ्यानं मरते. हे मला माहीत होतं हो! पण पाकिटावर ‘विशेष प्रक्रियेनं सुकवलेल्या’ असं चक्क छापलेलं. छापील मजकुरापुढे आपलं ज्ञान पांगळं पडतं.

मँगोस्टीन-रामबुतानला बुरशी धरली, बोटानं दाबलं तर आत काळा गाळ. लाँगन मात्र टणक. लाँगनची बी काळी, गोल, चकचकीत असते, पण तिचं टरफल पातळ. या बिया हातोडीशिवाय फुटेनात. रिठे! सरळ रिठ्याच्या बिया. दोन्ही झाडं एकाच कुळातली, म्हणजे चोराला वनस्पतिशास्त्र बरं येतं.

मँगोस्टीनला ‘हायब्रिड’ लावलेलं दिसलं की तिथूनच मागे फिरा. त्याची बी फलनाशिवाय, म्हणजे नर-मादीच्या संकराशिवाय तयार होते, रोप आईचीच नक्कल. थंडीची नवी जात येणार कुठून? आणि दोन वर्षांत फळ? बीपासून आठ-दहा वर्षं सहज जातात, तीही उष्ण दमट हवेत.

तक्रारीचं तर विचारूच नका. ज्या साइटवरून घेतल्या ती म्हणे, परतीची मुदत सात दिवस. अहो, रुजायलाच दोन-तीन आठवडे लागतात! पोलिसांनी ‘बिया?’ म्हणत एकमेकांकडे पाहिलं, अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. कृषी कार्यालयाला सीलबंद नमुना हवा. सील न फोडता पेरायचं कसं, ते साहेबांनी सांगितलं नाही. ग्राहक हेल्पलाइननं विक्रेत्याचा पत्ता मागितला. पत्ता असता तर मीच दारात जाऊन बसलो नसतो? बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. प्रत्येक टेबलावर त्याच झेरॉक्स, तेच ‘उद्या या’, आणि शेवटी मोबाइलवर संदेश: ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’

वाळलेली बी घ्यायचीच तर पपई, पेरू, पॅशनफ्रूटची घ्या. बाकीच्यांसाठी फळ कापतानाचा व्हिडिओ मागा, शेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद हवा. ‘बदलून देतो’साठी एक पैसाही पुढे करू नका. आणि पाकीट वाजलं तर फोडू नका, त्याच दिवशी परत पाठवा. सात दिवसांची मुदत पेरणीपासून नाही, पाकीट हातात पडल्यापासून मोजतात.