४०,००० ची सूट, ९२,१७० चा चुना

मी पतसंस्थेत कॅशियर आहे. लोकांची व्हाउचरं तपासायचा पगार घेते. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटते, पण लाजेखातर गप्प बसले तर आम्हाला गंडवणाऱ्या त्याच कार शोरूममध्ये पुढचं गिऱ्हाईक कापलं जाईल. शोरूमचं नाव टाकत नाही. प्रकरण ग्राहक आयोगात आहे आणि माझ्या वकील दिरांनी नाव घ्यायला सक्त मनाई केली आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी बायपासला काचेची मोठी इमारत, दारात फुगे, आत एसी आणि मशीनची कॉफी. तुमच्याही गावात असेलच.

गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक. एक्स-शोरूम किंमत, म्हणजे आरटीओ आणि विमा सोडून नुसत्या गाडीची, ८,१२,००० रुपये. आमची जुनी २०१४ ची डिझेल गाडी एक्सचेंजला द्यायची आणि दसऱ्याला, म्हणजे १२ ऑक्टोबर २०२४ ला, नवी दारात आणायची असं ठरलं होतं. सासूबाईंची हौस. हौस सांगितली ती तिथेच पहिल्या भेटीत सांगितली, आणि तिथेच आमचा भाव ठरला. कोणत्या मुहूर्तावर गाडी हवी आहे हे सेल्समनला कधीही सांगू नका. विचारलंच तर म्हणा, बघू, घाई नाही, मार्गशीर्षातही चालेल.

आम्ही गेलो तेव्हा पितृपक्ष चालू होता. शोरूममध्ये आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. तरी तो सेल्समन पोरगा म्हणतो, "या मॉडेलला वेटिंग आहे सर. दसऱ्याला पाहिजे तर आजच बुकिंग टाका, नाहीतर दिवाळीवर जाईल." आम्ही ११,००० टाकले. परत मिळणार नाहीत, हे पावतीच्या मागे बारीक अक्षरात होतं. नंतर पेपरात वाचलं की त्याच सुमाराला डीलरांच्या देशव्यापी संघटनेने, फाडाने, स्वतःच जाहीर केलं होतं की डीलरांकडे ८० ते ८५ दिवसांचा साठा पडून आहे, ७.९ लाख गाड्या, ७९,००० कोटींचा माल. कसलं वेटिंग! गरज त्यांना होती आणि विनवण्या आम्ही करत होतो.

बोलणी कशी झाली तेही सांगते. पैशाचं सगळं माझ्या नवऱ्याशी, "सर, सर" करत. माझ्याकडे वळून विचारलं ते रंगाचं आणि सीट कव्हरचं. "मॅडम, बेज घ्या, क्लासी दिसतं." घरात हिशोब कोण ठेवतं हे त्याला पहिल्या पाच मिनिटांत कळलं असणार, म्हणूनच मला कॅटलॉगमध्ये गुंतवून ठेवलं. मग तो नेहमीचा खेळ. आधी १५,००० सूट. नवरा म्हणाला, कमी आहे. पोरगा काचेच्या केबिनमध्ये मॅनेजरकडे जाऊन आला, तोंड पाडून. २५,०००. पुन्हा आत. शेवटी मॅनेजर स्वतः बाहेर आले, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साहेब, तुमच्यासाठी म्हणून ४५. पण बाहेर कुणाला सांगू नका, माझी नोकरी जाईल." २०,००० रोख सूट, २०,००० एक्सचेंज बोनस, ५,००० कॉर्पोरेट डिस्काउंट. नवऱ्याचा चेहरा किल्ला जिंकल्यासारखा झाला होता. खोटं कशाला बोलू, माझाही.

मग त्याने कागद दिला. हे नीट वाचा, कारण मी रोज रात्री हाच कागद डोळ्यांसमोर आणते. लेटरहेड नाही, शिक्का नाही, पॅडचं फाडलेलं पान. त्यावर बॉलपेनाने तीन ओळी. ऑन-रोड ९,८७,३९०. सूट ४५,०००. देणे ९,४२,३९०. बस्स. ८,१२,००० ची गाडी ९,८७,३९० कशी झाली, मधले १,७५,३९० कोणकोणत्या खात्यावर गेले, यातलं एक अक्षर नाही. माझ्या काउंटरवर कुणी असं व्हाउचर आणलं असतं तर मी ते न वाचता परत केलं असतं, खर्चाचा तपशील जोडून आणा म्हणून. शिपाईसुद्धा चहाचं बिल यापेक्षा सविस्तर देतो. आणि मी काय केलं? कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. सगळं लक्ष त्या ४५,००० वर होतं, कारण अर्धा तास आम्ही भांडलो होतो ते त्याच एका आकड्यासाठी. त्यांनाही तेच हवं असतं. सुटीवर तुम्ही कितीही भांडा, त्यांचं काही जात नाही. वरच्या ओळीवर कुणी बोलत नाही.

लोक आता म्हणतात, "तुला कळायला हवं होतं." सोपं आहे बोलायला. शेजारी नवरा खुशीत, पोरगा पेढ्याचा बॉक्स घेऊन उभा, सासूबाईंचा फोन, "झालं का?" तिथे बसून कुणीही दाखवा ब्रेक-अप, म्हणजे ओळीओळीचा तपशील, मागून. आणि मागितला होता मी, दुसऱ्या दिवशी फोनवर. "मॅडम, सिस्टिममधून इन्व्हॉइसच्या वेळी निघतो" असं उत्तर मिळालं.

निघाला तो दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सगळे पैसे भरून झाल्यावर. कॉर्पोरेट डिस्काउंटचे ५,००० गायब, कारण नवऱ्याची कंपनी "लिस्टमध्ये नाही". हे त्यांना बुकिंगला ओळखपत्राची झेरॉक्स घेताना कळलं नव्हतं. मग बाकीच्या ओळी. आरटीओ १,०४,५००. प्रत्यक्ष सरकारी पावती मागून मागून, डोकं खाऊन मिळवली, ती ९३,४७० ची. महाराष्ट्रात तेव्हा १० लाखांपर्यंतच्या वैयक्तिक पेट्रोल गाडीला ११ टक्के एकरकमी कर होता, म्हणजे ८९,३२०. त्यावर सेस, नोंदणी, कर्जाचा बोजा चढवायची फी, स्मार्ट कार्ड. कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही काढता येतं. वरचे ११,०३० कसले? "एजंटचे, मॅडम."

विमा ४६,८००. त्याच कंपनीचा, तोच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत), तीच झिरो डेप (घसारा न कापणारी) पॉलिसी बाहेर ३४,१५० ला मिळत होती, माझ्याकडे कोटेशन आहे. १००० ते १५०० सीसीच्या नव्या गाडीचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) हप्ता सरकारनेच १०,६४० ठरवून दिलेला, त्यात कुणाला हात घालता येत नाही. मलिदा असतो तो ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीचं नुकसान) आणि ॲड-ऑनमध्ये (वरून जोडलेली जादा संरक्षणं). विमा कुठून घ्यायचा ही ग्राहकाची मर्जी, डीलर सक्ती करू शकत नाही. आम्हाला सांगितलं, बाहेरून घेतलात तर सूट रद्द. हे वाक्य त्यांना व्हॉट्सॲपवर लिहायला लावा. लिहीत नाहीत.

हँडलिंग चार्जेस ८,५००. गाडी शोरूमपर्यंत आणायचा खर्च एक्स-शोरूम किमतीत असतोच, मग हे काय हाताळलं? नावच मुळी हात मारायचं आहे. ही ओळ दिसली की खोडा, खोडत नसतील तर उठा. एसेन्शियल किट १४,९९०. मॅट, मडफ्लॅप, बेज सीट कव्हर (क्लासी!), एक अत्तराची बाटली आणि मूर्ती ठेवायचा स्टँड. आम्ही मागितलं नव्हतं, गाडीत आधीच बसवून टाकलं होतं. फास्टॅग ६००, तो सोडून देते.

आता जुनी गाडी. एका ओळखीच्या गॅरेजवाल्याने २,३५,००० चं गिऱ्हाईक आणलं होतं. शोरूमवाल्याने १,९०,००० लावले. टायर गेले, क्लच गेला, २०१४ ची डिझेल कोण घेतो आता, असं ऐकवत. वर २०,००० एक्सचेंज बोनस "तुमच्यासाठी". ४५,००० पाडून २०,००० द्यायचे! आवळा देऊन कोहळा काढणे लहानपणी वहीत वाक्यात उपयोग करून लिहिलं होतं, इथे भोगलं. जुनी गाडी आणि नवी गाडी यांची बोलणी एका टेबलावर करू नका. आधी नवीचा भाव लेखी घ्या, तोवर जुनी आहे हे कळूही देऊ नका.

बेरीज करा. ११,०३० अधिक १२,६५० अधिक ८,५०० अधिक १४,९९० म्हणजे ४७,१७०. जुन्या गाडीचे ४५,०००. एकूण ९२,१७०. प्रत्यक्ष मिळालेली सूट ४०,०००. कर्ज आम्ही आमच्या बँकेतून काढलं, तिथे तेवढं वाचलो.

याच्यावर अजून एक आहे. आदल्या संध्याकाळी स्टॉकयार्डवर गाडी दाखवली. अंधार पडत आलेला, गाडी नुकती धुतलेली, टायरला काळं पॉलिश. माझा भाऊ टायरवरचा चार आकडी कोड वाचून म्हणाला, "ताई, ४४२३ आहे. २०२३ चा ४४वा आठवडा." पोरगा हसला. "दादा, टायर आधी बनतात, गाडी नंतर जोडतात. फॅक्टरीत टायर पडून असतात." अकरा महिने? पण पैसे भरलेले, सकाळी मुहूर्त, सासूबाईंनी आपट्याची पानं, हार, नारळ काढून ठेवलेले. भाऊ गप्प बसला, मी त्याला गप्प बसवलं. पोस्टाने आरसी आली तेव्हा त्यावर उत्पादनाचा महिना छापलेला होता, डिसेंबर २०२३. दहा महिने उन्हापावसात उभी असलेली गाडी आम्ही "वेटिंग"मध्ये थांबून, नव्याच्या भावाने घेतली. विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक २०२३ चाच भाव लावणार. म्हणून उरलेली रक्कम भरायच्या आधी चासिस नंबर लेखी मागा. बऱ्याच कंपन्यांच्या नंबरात दहावं अक्षर वर्षाचं असतं, २०२३ ला पी, २०२४ ला आर. काही कंपन्यांचा हिशोब वेगळा असतो, म्हणून उत्पादनाचा महिना-वर्ष बुकिंगच्या कागदावरच लिहून घ्या. गाडी दिवसा बघा. भाऊ काही बोलला तर ऐका.

डिलिव्हरीच्या दिवशी फोटो काढले, केक कापला, मोठी थर्माकोलची किल्ली हातात दिली. जाताना पोरगा हळूच म्हणाला, "कंपनीतून फोन येईल मॅडम, दहापैकी दहाच द्या, नऊ दिले तरी माझा इन्सेंटिव्ह कापतात." गरीब पोरगा म्हणून दिले दहा. तो फोन रेकॉर्ड होतो. माझ्या तक्रारीला डीलरने दिलेल्या उत्तरात पहिलाच मुद्दा, ग्राहकाने १० पैकी १० गुण देऊन पूर्ण समाधान व्यक्त केले आहे.

तक्रारीचं ऐका आता. शोरूममध्ये मॅनेजर बदलून गेले. कंपनीच्या कस्टमर केअरने सांगितलं, किंमत हा डीलर आणि ग्राहक यांच्यातला विषय. म्हणजे जाहिरात तुमची, गाडी तुमची, पाटी तुमची, फक्त लुबाडणूक डीलरची. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यांनी ती कंपनीकडे पाठवली, कंपनीने डीलरचंच उत्तर चिकटवलं, आणि मला मेसेज आला, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कुणाच्या बाजूने, ते लिहायची पद्धत नसावी. आरटीओत गेले तर बाई म्हणाल्या, "आमच्याकडे कर ऑनलाइन बरोबर आलेला आहे. डीलरने तुमच्याकडून किती घेतले ते आम्ही कसं बघणार?" मग कुणी बघायचं? डीलरला धंद्यासाठी लागणारं ट्रेड सर्टिफिकेट कोण देतं, तुमचंच ऑफिस ना? या प्रश्नावर त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं. पोलीस ठाण्यात हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं, चहा विचारला आणि म्हणाले, "ताई, हे दिवाणी आहे. सही तुमचीच आहे ना?" सही माझीच आहे. एकामागून एक कागद पुढे सरकवत, "इथे, इथे आणि इथे" म्हणत घेतलेली.

जुन्या गाडीचं तर विचारूच नका. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेतल्या होत्या. शोरूमने गाडी कुठल्याशा दलालाला दिली, दलालाने आणखी कुणाला. ट्रान्स्फर नाही. एक्सप्रेसवेवर ओव्हरस्पीडचं २,००० चं ई-चलान नवऱ्याच्या मोबाइलवर आलं. एप्रिल २०२३ पासून नियम आहे, अधिकृत डीलरच्या ताब्यात जुनी गाडी देताना फॉर्म २९सी भरून आरटीओला ऑनलाइन कळवायचं, मग पुढची जबाबदारी डीलरची. मी हा फॉर्म शोरूममध्ये मागितला तर त्यांना ठाऊक नव्हता. आरटीओतल्या क्लार्कने मला विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? कागदोपत्री मालक आम्हीच, अपघात झाला तर नोटीस आमच्या दारात. २९सी ची पोच हातात पडल्याशिवाय जुन्या गाडीची किल्ली सोडू नका. कोऱ्या सह्या तर अजिबात नाही.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांच्या वर १० लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी फक्त २०० रुपये, अर्ज ऑनलाइन होतो, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची. एवढं चांगलं आहे. तारखा मात्र पडतात आणि पडतच राहतात. डीलरचा वकील एकदा म्हणणं द्यायला मुदत मागतो, एकदा आजारी असतो. माझी प्रत्येक तारखेला अर्धी रजा जाते. त्या फाटक्या पानाची, तीन ओळींच्या कोटेशनची, झेरॉक्स मी पुरावा म्हणून लावली आहे. डीलरचं म्हणणं, हे अक्षर आमच्या कर्मचाऱ्याचं नाही.

आता कुणी गाडी घ्यायला निघाला असाल तर एक लक्षात असू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला. तो सरकारने कमी केला, शोरूमने नाही. ती कपात सूट म्हणून दाखवत असतील तर तिथेच अडवा. दोन-तीन शोरूमचे ईमेलवरचे ब्रेक-अप एकमेकांशेजारी ठेवा आणि एक्स-शोरूमच्या खालच्या प्रत्येक ओळीवर भांडा.

आमची पुढची तारीख पडली आहे. जुन्या गाडीचं कालच आणखी एक चलान आलं, या वेळी नो पार्किंगचं. ते मी भरणार नाही, आयोगाच्या फाइलला जोडणार आहे.